सीआरटी-डी बसवल्यानंतरचा अनुभव : दिवाळीपासून मे अखेरपर्यंत

गेल्या दिवाळीच्या आधी छत्रपती संभाजीनगरला जाऊन मी सीआरटी-डी बसवून घेतलं, म्हणजे डाव्या छातीत कातडीखाली बसणारा तीन तारांचा पेसमेकर, जो ठोके जीवघेणे बिघडले तर शॉकही देतो. मी परभणी जिल्ह्यातला, शेती करणारा. ज्यांना तीन तारांचा पेसमेकर सुचवलाय, त्यांनी हे जरूर वाचावं.

माझं पंपिंग, म्हणजे ईएफ (डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर पडतं ते), 25 टक्क्यांवर आलं होतं. निरोगी माणसाचं 55 च्या पुढं असतं. अँजिओग्राफीत ब्लॉकेज निघालं नाही, पण ईसीजीत एलबीबीबी (डाव्या बाजूच्या विजेच्या वाटेत अडथळा) आणि क्यूआरएस, म्हणजे वीज खालच्या कप्प्यांत पसरायला लागणारा वेळ, 160 मिलिसेकंद. तो 120 च्या आत हवा. विजेचा संदेश हृदयाच्या डाव्या बाजूला उशिरा पोचायचा. डाव्या कप्प्याची एक भिंत आवळायची तेव्हा दुसरी ढिलीच, त्यामुळं रक्त नीट पुढं जात नव्हतं. हे यंत्र दोन्ही बाजूंना जवळपास एकाच वेळी ठोका देतं. दोन तारा उजव्या बाजूच्या कप्प्यांत असतात. तिसरी कोरोनरी सायनस या शिरेतून डाव्या कप्प्याच्या बाहेरून नेतात. तिलाच खरा वेळ लागतो. भूल जागेपुरतीच होती, डॉक्टरांचं बोलणं मला ऐकू येत होतं.

आधी तीन उशा लावून बसल्यासारखा झोपायचो, तरी मध्यरात्री दम लागून उठायचो. थंडी सरेपर्यंत एका उशीवर आलो. विहिरीपर्यंत बांधानं जाताना आता मध्ये टेकावं लागत नाही. नंतरच्या टू-डी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, ईएफ 38 आला. सगळ्यांनाच एवढा फायदा होतो असं नाही. साधारण तिघांतल्या एकाला फारसा फरक पडत नाही. एलबीबीबी असून क्यूआरएस 150 च्या वर असेल तर आशा जास्त.

त्रासही झाला. डाव्या कुशीवर वळलं की बेंबीच्या वर ठोक्यागणिक हिसका बसायचा, अंगावरचा सदरा हललेला दिसायचा. तिसरी तार डायफ्रामच्या (छाती-पोटामधल्या श्वासाच्या पडद्याच्या) नसेजवळून जाते, म्हणून असं होतं. तपासणीत टेक्निशियननं छातीवर वायरीचं उपकरण ठेवलं, "काका, डाव्या कुशीवर व्हा," म्हणाला आणि स्क्रीनवर त्याच तारेचं दुसरं टोक निवडलं. हिसका तिथंच थांबला, चिरफाड काही नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. रिपोर्टात बाय-व्ही पेसिंग, म्हणजे यंत्रानं दोन्ही बाजूंना दिलेल्या ठोक्यांचं प्रमाण, 88 टक्के निघालं. ते 98 च्या आसपास हवं. मधूनमधून पडणारे जादा ठोके यंत्राच्या आधीच उमटत होते, म्हणजे तेवढे ठोके उपचाराविना जात होते. बीटा ब्लॉकरचा, म्हणजे ठोके आवरणाऱ्या गोळीचा, डोस डॉक्टरांनी वाढवला, पुढच्या खेपेला आकडा 97. बाबांनो, हा आकडा दर तपासणीला मागून घ्या. यंत्र बसवलं म्हणून गोळ्या सुटत नाहीत, आणि तपासणी टाळली तर लाखांचा खर्च अर्धा वाया जातो.

उन्हाळा अवघड गेला. पाणी दिवसाला दीड लिटर ठरवून दिलेलं, आणि आपल्याकडचं ऊन 42 च्या वर. चक्कर यायला लागली तेव्हा डॉक्टरांना फोन केला, त्यांनी लघवीची गोळी कमी केली. स्वतःच्या मनानं मात्र गोळी बदलू नका. रोज सकाळी लघवीनंतर वजन करतो. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर पाणी साचतंय असं समजायचं. लोणचं-पापड बंद. येसराची आमटी घरच्या मसाल्याची, मीठ बेतानं.

पहिले सहा आठवडे डावा हात खांद्याच्या वर नेऊ दिला नाही, पण कोपर रोज हलवत राहा, नाहीतर खांदा आखडतो. मोबाईल उजव्या कानाला, डाव्या खिशात कधीच नाही. मोटारीचं स्टार्टर चालवतो, वेल्डिंग चालू असलं की लांब जातो. ओळखपत्र कायम पाकिटात. बॅटरी साधारण पाच ते आठ वर्षं जाते, मग छातीतली यंत्राची डबी बदलावी लागते. तारा चांगल्या असतील तर त्याच राहतात.

शॉक अजून बसला नाही. घरच्यांना सांगून ठेवलंय : एकच बसला आणि मी बरा असलो, तर डॉक्टरांना फोन. लागोपाठ बसले किंवा मी शुद्धीवर नसलो, तर वाट न बघता १०८ ला फोन.