बोर्ड बनवायचा धंदा करायचाय: कोरा डेक, मेपल की प्लायचा क्रूझर?

स्केटबोर्डिंगचं वेड आहे आणि आता स्वतः बोर्ड बनवून विकावेत असं सातारा-सांगलीतल्या बऱ्याच पोरांच्या डोक्यात असतं. ट्रक (चाकं बसतात ते धातूचे ॲक्सल), चाकं, ६०८ची बेअरिंग हे सगळं विकतच आणायचंय, त्यामुळे ठरवायचं ते फक्त डेकचं, म्हणजे ज्यावर उभं राहतो त्या लाकडी फळीचं.

कोरे डेक आणून त्यावर आपलं ग्राफिक टाकणं सगळ्यात सोपं. मशीन नको, जागा नको. पण लाकूड दुसऱ्याचं, शेप दुसऱ्याचा, तोच डेक उद्या कोल्हापुरातलं कुणीही मागवून विकेल, आणि ग्राफिकचं म्हणाल तर दोन-चार बोर्डस्लाइड (कठड्यावर डेकचं पोट घासत नेण्याची ट्रिक) मारल्या की ते खरवडून जातंच. मला हा बोर्ड बनवायचा धंदा वाटतच नाही, विकायचा वाटतो.

मेपलचा डेक स्वतः प्रेस करणं हे खरं स्वप्न. साधारण दीड मिमीचे सात थर, बहुतेक वेळा पाच उभ्या ग्रेनचे (ग्रेन म्हणजे लाकडाच्या रेषा) आणि दोन आडव्या, ८ ते ८.५ इंच रुंदी, ३१-३२ इंच लांबी. उत्तर अमेरिकेतलं हार्ड मेपल थंडीत सावकाश वाढतं म्हणून घट्ट आणि चिवट असतं, ऑलीला, म्हणजे बोर्डसकट उडी मारताना, टेल (मागचं टोक) जमिनीवर आपटते तो मार ते सोसतं आणि पॉपही, म्हणजे उसळीही, देतं. अडचण अशी की विनियर, म्हणजे हे पातळ थर, बाहेरून मागवायचं, थोडं मागवलं तर वाहतूकच महाग पडते, जास्त मागवलं तर पैसा अडकतो, आणि वर ते कोरडं ठेवायचं. साताऱ्याच्या पावसाळ्यात उघड्या शेडमध्ये ठेवलं तर थर वाकडे होणार, आणि सांगलीकरांनी तर २०१९ आणि २०२१चा पूर बघितलाय, नदीकडेला तळमजल्याची जागा घेऊच नका.

माझं मत क्रूझरच्या, म्हणजे ट्रिकसाठी नाही तर रस्त्यावर फिरायच्या बोर्डच्या, बाजूनं आहे. इथं बहुतेक पोरं रस्त्यावर, कॉलनीत, कॉलेजच्या पार्किंगमध्ये चालवतात, खडबडीत डांबरावर ९९एची (ए म्हणजे कडकपणाचं माप) ५२ मिमी कडक चाकं नुसती दात वाजवतात, तिथं ७८एची ६० मिमीच्या वरची मऊ चाकं आणि थोडा लवणारा डेक पाहिजे. तो प्लायमध्ये जमतो. ४ मिमीच्या चांगल्या मरीन प्लायच्या तीन शीट, पाणी सोसणारा ग्लू, लाकडी साचा, आणि लोखंडी फ्रेममध्ये हायड्रॉलिक जॅक, ही फ्रेम कुपवाड किंवा सातारा एमआयडीसीतला कुठलाही फॅब्रिकेशनवाला वेल्डिंग करून देईल. रात्रभर दाबून ठेवायचं, पावसाळ्यात जास्तच, मग जिगसॉनं कापायचं, कडा राउटरनं गोल करायच्या आणि पीयू (पॉलियुरेथेन पॉलिश) मारून सील करायच्या, कारण पाणी आधी कडेतूनच शिरतं. सांगली-मिरज सपाट, लांब पुशिंग असतं, तिथं ड्रॉप-थ्रू डेक, म्हणजे ट्रक डेकच्या भोकातून बसवल्यानं खाली बसणारा, पायाला सोपा. साताऱ्याला उतार आहेत, तिथं कडक डेक आणि लांब व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) द्या, नाहीतर स्पीडला बोर्ड थरथरतो.

फक्त एक, या प्लायचा किकटेलवाला (वर वळलेल्या टेलचा) ट्रिक बोर्ड बनवून कुणाला देऊ नका. प्लायमध्ये जवळपास निम्मे थर आडव्या ग्रेनचे असतात, लांबीच्या दिशेनं ते ताकद देत नाहीत, टेल तुटली की पोरगं तोंडावर पडतं. आणि क्रूझरसुद्धा प्रत्येक डिझाइनचा एक बोर्ड विटांवर ठेवून मधोमध उड्या मारून तोडून बघा, कुठून तुटतो ते कळलं की पुढचे बोर्ड सुधारतात.

बांबूचा मोह मलाही आहे, पाटण-जावळीकडं बांबू आहे, पण पट्ट्या काढून, सुकवून, चिकटवून सरळ बोर्ड करणं वेगळंच काम आहे, ते दुसऱ्या वर्षाला ठेवा.

पैशाचं बघितलं तर जॅक, फ्रेम, जिगसॉ, राउटर हे मुद्राच्या शिशू कर्जात, म्हणजे ५० हजारांपर्यंत, बसवायचा प्रयत्न करता येतो, आणि उद्यम नोंदणी ऑनलाइन फुकट होते. मेपलकडं आत्ताच जायचं तर एकाच परिस्थितीत, पुण्या-मुंबईतले पार्कमध्ये चालवणारे ओळखीचे असतील आणि ते आगाऊ पैसे देऊन ऑर्डर लावत असतील तर.