मागचे स्पीकर शेवटी बोलले! अमळनेरच्या बिनबोर्डाच्या दुकानाचा रिव्ह्यू

अमळनेर, पारोळा, धरणगाव, चोपडा साइडला कोणी राहत असेल, घरात 5.1, म्हणजे पाच बाजूंचा आवाज अन् एक सबवूफर असा सेट आणून ठेवला असेल अन् मागचे दोन स्पीकर नुसते शोभेला टांगलेले असतील तर हे वाचा. दुकान बाजारपेठेतल्या एका बोळीत आहे, बोर्ड नाही, आत दोन टेबलं, एकावर उघडून ठेवलेले अँप्लिफायर अन् दुसऱ्यावर मंडपवाल्यांचे भोंगे. लोक त्याला अँप्लिफायरवाले भाऊ म्हणतात, मीपण तेच म्हणतो. पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते खाली येईलच.

आमचं सामान साधं आहे. 43 इंची टीव्ही, बऱ्यापैकी जुना, अन् 5.1 चा साउंडबार सेट, म्हणजे समोर लांब बार, एक सबवूफर अन् वायरवाले दोन मागचे स्पीकर. कंपनीकडून जो माणूस फिटिंगला आला त्याने बार भिंतीला ठोकला, टीव्हीला ब्लूटूथने जोडला, एक गाणं लावलं, आवाज दणकून आला, सही घेतली अन् गेला. रात्री पिक्चर लावला तर मागून चूं नाही. कस्टमर केअरला फोन केला की रिसेट मारा म्हणे, रिसेट मारला की परत तेच. एका शोरूमवाल्याने तर टीव्हीच जुना झालाय सांगून नवीन टीव्हीचा ईएमआय कागदावर मांडून दिला, कुठलं शोरूम ते सोडा.

हा भाऊ घरी आला तर त्याने रिमोटला हातच लावला नाही. मोबाइलचा टॉर्च लावून टीव्हीच्या मागे डोकं घातलं. शेतात ठिबकला पाणी येईना झालं की आपण नळी बदलत नाही, कुठे चोंदलंय ते विहिरीपासून बघत जातो, तसंच याचं काम. पिक्चर कुठून येतो, टीव्हीत काय होतं, वायरीतून काय जातं, बारला काय पोचतं, एकेक ठिकाण बघत गेला.

पहिलं म्हणजे ब्लूटूथ काढून टाकलं. टीव्हीतून ब्लूटूथने जाणारा आवाज दोनच चॅनलचा असतो, डावा अन् उजवा, मागच्या स्पीकरसाठी वेगळं काही जातच नाही, मग ते बिचारे काय वाजवतील? त्याने पिशवीतून एचडीएमआय केबल काढली. टीव्हीला तीन पोर्ट आहेत पण त्यातल्या एकाच्याच बाजूला बारीक अक्षरात एआरसी लिहिलेलं आहे, ते मी इतक्या वर्षांत कधी वाचलं नव्हतं अन् वाचायचं कारणही नव्हतं. टीव्हीचा आवाज उलटा बाहेर बारकडे जातो तो त्याच पोर्टातून. हे एआरसी 2009 पासून आहे, एचडीएमआय 1.4 सोबत आलं, म्हणजे आमचा टीव्ही जुना असला तरी एवढा काही जुना नाही.

नंतर टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन सीईसी, म्हणजे जोडलेल्या वस्तू एकमेकांना चालवतात ती सोय, चालू केली. प्रत्येक कंपनीने त्याला आपलं वेगळं नाव दिलंय, सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, एलजीत सिम्पलिंक, सोनीत ब्राविया सिंक, त्यामुळे सीईसी शोधत बसलात तर मेनूत सापडणारच नाही. हे झालं की टीव्हीच्या रिमोटनेच बारचा आवाज कमीजास्त होतो, दोन रिमोट शोधत बसायचं काम नाही.

तरी मागून काही नाही. मला वाटलं झालं, आता हापण नवीन टीव्ही सांगतो. पण खरी गंमत पुढे आहे अन् निम्म्या लोकांच्या घरात इथेच अडलेलं असेल अशी माझी पैज आहे. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये आत खोल कुठेतरी डिजिटल ऑडिओ आउटपुट म्हणून ऑप्शन असतो, आमच्या टीव्हीत तो पीसीएमवर होता. एआरसीवर पीसीएम म्हणजे टीव्ही सगळा आवाज आधीच उलगडून दोन चॅनलमध्ये कोंबतो अन् मग पुढे पाठवतो. तो ऑप्शन ऑटो केला, काही टीव्हीत त्याला बिटस्ट्रीम किंवा पासथ्रू म्हणतात, अन् बारच्या छोट्या डिस्प्लेवर डॉल्बी, म्हणजे 5.1 चा आवाज बांधून पाठवायची पद्धत, असं अक्षर सरकत गेलं. तेवढ्यात पिक्चरमध्ये पाऊस चालू होता तो सोफ्याच्या मागून पडायला लागला. आजी दाराकडे वळून म्हणे, "मांगे कोन शे रे?" यापेक्षा मोठं सर्टिफिकेट नाही.

सेट टॉप बॉक्सच्या सेटिंगमध्येपण आवाज स्टिरिओवर होता तो त्याने डॉल्बीवर केला. पण चॅनलच स्टिरिओ पाठवत असेल तर बॉक्स काय करणार. यूट्यूबवरचं बहुतेक सगळं स्टिरिओच असतं अन् जुने ब्लॅक अँड व्हाइट पिक्चर तर रेकॉर्डच मोनो झालेत, तेव्हा मागून आवाज येत नाही म्हणून घाबरायचं नाही, ओटीटीवर पिक्चरच्या नावाखाली 5.1 लिहिलंय का ते आधी बघायचं. बारमध्ये एक मोड असतो तो स्टिरिओचाच आवाज सगळ्या स्पीकरला वाटून देतो, लग्नाच्या व्हिडिओला बरा आहे, पण पिक्चरला मला तो अजिबात आवडला नाही, हिरोईन पुढून बोलते अन् मागूनपण बोलते.

आता स्पीकर बसवायचं काम, अन् यात माणूस खरा कारागीर दिसतो. मागच्या स्पीकरच्या वायरी आमच्या खोलीला पुरत नव्हत्या म्हणून फिटिंगवाल्याने ते टीव्हीच्याच आजूबाजूला टांगले होते, म्हणजे नाव मागचे अन् जागा पुढची. भाऊने साधी दोन तारांची तांब्याची वायर आणली, जोड सोल्डर केले, वरून केसिंग पट्टी मारली. जोडताना खिशातून घड्याळाचा पेन्सिल सेल काढला अन् वायरची दोन्ही टोकं सेलला क्षणभर टेकवली, स्पीकरचा पडदा बाहेर आला तर प्लस बरोबर, आत गेला तर उलटा. एक स्पीकर सरळ अन् एक उलटा जोडला गेला तर दोघांचा आवाज एकमेकाला खातो, बास पोकळ लागतो. दोन्ही स्पीकर असे तपासूनच त्याने पट्टीचं झाकण लावलं.

जागा त्याने सोफ्याच्या दोन्ही बाजूला, बसल्यावर कानाच्या थोडं वर अन् जरासं मागे अशी धरली. डॉल्बीवाले समोरून मोजून 110 ते 120 अंशात सांगतात, आमचा सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला म्हणून तेवढं मागे जायला जागा नव्हती, मग त्याने बाजूच्या भिंतीवर लावून थोडे आत वळवले. सबवूफर कोपऱ्यात होता तिथे बास घुमायचा अन् स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची ताटं वाजायची, तो टीव्हीच्या बाजूला भिंतीपासून थोडा पुढे ओढला अन् आवाज दोन पॉइंट खाली केला. ताटं गप्प.

सगळ्यात कामाचं म्हणजे डायलॉग. मार्चपासून जूनपर्यंत आपल्याकडे कूलर बंद करता येत नाही, तापमान 45 ला टेकतं, अन् कूलरच्या घरघरीत गाडी उडाली तर ऐकू येते पण कोण काय बोललं ते कळत नाही, मग आवाज वाढवा, मग गाणं लागलं की कमी करा, घरात भांडण. 5.1 मध्ये बोलण्याचा आवाज मुख्यतः मधल्या म्हणजे सेंटर चॅनलमधून येतो, त्याने सेटिंगमध्ये तेवढा सेंटर वाढवून दिला अन् रात्रीसाठी दणदणाट कमी करणारा नाइट मोड दाखवला. माझ्या मते मागच्या स्पीकरपेक्षाही याचेच पैसे वसूल झाले. शब्द आधी येतात अन् ओठ नंतर हलतात असं होत होतं तेपण ऑडिओ डिलेमधून जागेवर आणलं.

मी विचारलं की एटमॉससाठी, म्हणजे डोक्यावरूनपण येणाऱ्या आवाजासाठी, ईआर्क (एआरसीची पुढची आवृत्ती) असलेला टीव्ही लागेल का. ओटीटीचा एटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये येतो, तो साध्या एआरसीतूनपण जातो, फक्त टीव्ही अन् बार दोघांनी त्याला हो म्हटलं पाहिजे, अन् ब्लू रे डिस्कवरचं डॉल्बी ट्रूएचडी हवं असेल तरच ईआर्क लागतं, जे 2017 मध्ये एचडीएमआय 2.1 सोबत आलं. तुमच्याकडे ब्लू रे आहे का म्हणे. नाही. मग राहू द्या म्हणे. विकायला बसलेला माणूस असं बोलत नाही. ऑप्टिकल, म्हणजे उजेडाने आवाज नेणारी वायर, तिच्याबद्दलपण सांगितलं, तिच्यातून साधा डॉल्बी डिजिटल 5.1 जातो पण डॉल्बी डिजिटल प्लस जात नाही, टीव्हीला एआरसी नसेल तर मात्र ऑप्टिकल उत्तम.

बाजारात स्वस्तात 5.1 लिहिलेले डबे मिळतात, ब्लूटूथ, पेनड्राइव्ह, ऑक्स, लाइट लागणारे, त्यात बहुतेक वेळा डॉल्बी उलगडणारं काही नसतं, एकच स्टिरिओ पाचही स्पीकरला जातो. ज्यांच्या मागे प्रत्येक चॅनलची वेगळी इनपुट असते त्यांना भाऊ ऑप्टिकलवरून चालणारा वेगळा डीकोडर, म्हणजे डॉल्बी उलगडणारा डबा, बसवून देतो. तुमचा तसला असेल तर खोका फेकू नका, मागची बाजू दाखवा त्याला.

आता कापलेला अर्धा स्टार. फोन उचलत नाही. येतो म्हणाला अन् आला दुसऱ्याच दिवशी, ते पण जेवायच्या वेळेला. ड्रिल मारल्यावर भिंतीचा भुगा आपणच झाडायचा. पक्कं बिल मागाल तर हसतो. मजुरीचे पाचशे घेतले, वायर, केबल अन् पट्टीचे वेगळे, अन् कमी करत नाही, मी प्रयत्न केला.

वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेच्या दिवसात जाऊ नका, बोरीच्या पात्रात पाळणे लागले की त्याच्याकडे भोंग्यांची अन् माइकची रांग असते, घरचं काम घेत नाही. लग्नसराईतपण तेच. बाकी दिवसांत फोन न करता संध्याकाळी थेट दुकानात जा, टीव्हीच्या मागच्या सगळ्या पोर्टांचे अन् बारच्या मागचे फोटो मोबाइलमध्ये काढून न्या, निम्म्या वेळा तो फोटो बघूनच कुठली वायर कुठे लावायची ते सांगतो अन् त्याचे काही घेत नाही.