माटुंग्यातलं पानावरचं उडुपी जेवण: दहा महिन्यांनंतर

पहिल्या दोन-तीन खेपांत माटुंग्याची जुनी खाणावळ कळत नाही. रांग, घाई आणि वाढप्यांची लगबग यातच जेवण उरकतं आणि लक्षात राहतं ते फक्त पोटाला लागलेली तडस. ऑगस्ट ते मे असे दहा महिने, आठवड्यातून साधारण दोनदा, वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या टेबलांवर जेवल्यावर जे पक्कं ठरलं ते इथे देत आहे. दक्षिणी खाणं म्हणजे डोसा ही समजूत आधी बाजूला ठेवावी. या जागांची खरी परीक्षा भात आणि सार यांवर होते.

मध्य रेल्वेच्या माटुंगा स्टेशनच्या पूर्वेला बाहेर पडलं की मंडईच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर ए. रामा नायक यांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे. १९४२ पासूनचं. टेबलं साधी, सजावट जवळपास नाहीच, आणि गिऱ्हाइकाला हवं तर स्वयंपाकघर बघून यायची मुभा. चारचौघांसोबत एका टेबलावर बसावं लागतं आणि मागे उभा असलेला माणूस आपलं पान कधी रिकामं होतंय हे बघत असतो. त्याची सवय होते. निवांत गप्पांसाठी ही जागा नाही, जेवायची आहे.

वेळेचं गणित सगळ्यात महत्त्वाचं. रविवारी एक ते दोन या वेळेत जाऊ नये. मधल्या वारी दुपारी बारा-सव्वाबाराला पोचावं. भात नुकताच उतरलेला असतो, भाज्यांचा रंग टिकलेला असतो आणि पापड खरोखर कुरकुरीत असतो. अडीचनंतर भाताच्या पातेल्यात वाफ धरते, शितं चिकटतात आणि भाजी कोमट होते. दोष स्वयंपाक्याचा नाही, मोठ्या पातेल्यात झाकून ठेवलेल्या अन्नाचं तसंच होतं. आणखी एक, माटुंग्यातली बरीच जुनी ठिकाणं सोमवारी बंद असतात. निघण्याआधी वार बघावा.

पान समोर आलं की त्याचं निमुळतं टोक डाव्या हाताला यायला हवं. आपल्याकडेही तीच रीत आहे. पाणी शिंपडून हाताने निपटून घ्यावं. वरच्या अर्ध्या भागात मीठ, लोणचं, कोसंबरी आणि भाज्या, खालच्या अर्ध्या भागात पुरी आणि मग भात. कोसंबरी म्हणजे भिजवलेली मुगाची डाळ, काकडी किंवा गाजर, ओलं खोबरं, लिंबू आणि मोहरी-हिंगाची फोडणी. मीठ आधी घातलं की काकडीला पाणी सुटतं आणि ते पानभर पसरतं, म्हणून चांगल्या ठिकाणी ती वाढायच्या थोडीच आधी कालवतात. कोसंबरीखाली पाणी दिसलं तर ती सकाळची समजावी.

पहिली चूक पुऱ्यांवर होते. पुरी-चपाती ही मुंबईच्या गिऱ्हाइकासाठीची सोय आहे, उडुपीच्या मूळ पानात जेवणाचा कणा भातच. गरम पुरी समोर आली की माणूस चार-पाच सहज खातो आणि सार येईपर्यंत भूक संपलेली असते. दोन पुऱ्या खाव्यात, भाजीची चव घ्यावी आणि थांबावं. भाज्यांत एक सुकी असते. तिला कन्नडात पल्या म्हणतात. फरसबी किंवा कोबी, त्यावर उडदाची डाळ, मोहरी, कढीपत्ता, वरून खोबरं. कांदा-लसूण नसताना चव कशी येते हे समजून घ्यायचं तर ही भाजी नुसती खावी. सगळं काम हिंग आणि खोबरेल तेलातली फोडणी करते. उडुपीच्या कृष्ण मठाच्या नैवेद्याच्या स्वयंपाकातून ही पद्धत आली आहे आणि ती उणीव भरून काढल्यासारखी लागत नाही, ती पूर्ण आहे.

आता सार. तमिळ जेवणात आधी सांबार आणि मग रस्सम येतं, कर्नाटकाच्या रीतीत आधी सारू, म्हणजे हेच सार, आणि मग हुळी, म्हणजे सांबार. हा क्रम पाळला की दोन्हींची चव लागते. उलट केलं तर सांबाराच्या खोबऱ्यामागे सार नुसतं आंबट पाणी वाटतं. सारासाठी तूरडाळ मऊ शिजवून घोटतात, टोमॅटो, चिंचेचा कोळ, मीठ, गुळाचा लहान खडा घालतात आणि मग सारपूड. धने, जिरे, थोडी मेथी, ब्याडगी मिरची, कढीपत्ता हे खोबरेल तेलाच्या थेंबावर भाजून केलेली ती पूड. ब्याडगी तिखटाला कमी आणि रंगाला जास्त, त्यामुळे लालभडक दिसूनही सार घसा जाळत नाही. पूड घातल्यावर कडांना फेस चढला की आच बंद करायची. पुढे खळाखळा उकळलं तर सुगंध उडतो आणि मेथीचा कडवटपणा पुढे येतो. गर्दीच्या दिवशी बिघडतं ते नेमकं इथे. सार गरम ठेवायला मंद आचेवर तासभर ठेवलं जातं. अशा साराला वास येत नाही, नुसती आंबटसर कडू चव येते.

भाताला आळं करावं, मोठं आणि खोल, आणि तुपाची धार आधी घ्यावी. वाढपी बादली घेऊन आला की त्याचा हात बघावा. जाणता वाढपी पळी आधी बादलीच्या तळाशी नेतो, एकदा फिरवतो, मग उचलतो. कारण डाळ खाली बसते आणि वर राहतं ते पाणी. घाईतला नवखा मुलगा वरचंच उचलतो. तेव्हा "अण्णा, तळातून" एवढं म्हटलं तर कोणालाही राग येत नाही, उलट पुढच्या वेळी न सांगता मिळतं. आळं उथळ केलं तर सार पानाच्या खालच्या कडेवरून थेट मांडीवर येतं. भाताची भिंत आपल्या बाजूला जाड ठेवणं हा एकच उपाय. आणि पुरे झालं की हात पानावर आडवा धरावा, नुसतं तोंडाने नको म्हटलं तर त्या गलक्यात ऐकू जात नाही.

सांबाराबद्दल थोडक्यात. उडुपी सांबारात भाजलेल्या मसाल्याबरोबर खोबरं वाटलेलं असतं, म्हणून ते दाट आणि किंचित गोड असतं. भाजी रोज बदलते: भोपळा, वांगं, शेवगा, आणि नशीब असेल तर मंगळुरी काकडी. ही काकडी कच्ची खायची नव्हे, शिजल्यावर ती पारदर्शक होते आणि फोड मोडत नाही. ज्या दिवशी ती असेल त्या दिवशी सांबार दुसऱ्यांदा मागावं. शेवटी ताक किंवा दही-भात लोणच्याबरोबर. तो टाळू नये, आंबट-तिखटानंतर पोट शांत करायचं काम त्याचंच आहे.

जेवणाऐवजी नाश्त्याला जायचं तर भांडारकर रोडवरचं राम आश्रय (१९३९) आणि किंग्ज सर्कलजवळचं कॅफे मद्रास (१९४०) ही दोन नावं पुरेत. पहिल्याकडे अननसाचा शिरा, दुसऱ्याकडे नाचणीचा डोसा. सकाळी आठच्या आधी गेलात तर बसायला लगेच मिळतं.

मात्र नाश्त्याच्या पदार्थांत ऋतूचा फरक जाणवतो आणि त्याबद्दल कोणी सांगत नाही. मे महिन्यात इडली-डोशाचं पीठ लवकर आंबतं, दुपारनंतरचा डोसा स्पष्ट आंबट लागतो आणि खोबऱ्याची चटणीही उतरू लागते. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे उलट होतं, पीठ पुरतं फुगत नाही आणि इडली घट्ट बसते. म्हणून उन्हाळ्यात सकाळी लवकर आणि थंडीत थोडं उशिरा जावं. पावसाळ्यात नीर डोसा मागावा. तो आंबवायचा नसतोच. भिजवलेले तांदूळ खोबऱ्याबरोबर वाटून ताकासारखं पातळ पीठ करतात, तव्यावर ओततात, झाकतात आणि एकाच बाजूने शिजवून घडी घालतात. रवा डोशाची गोष्ट वेगळी. त्याचा रवा भांड्याच्या तळाशी बसतो, दर वेळी ढवळावं लागतं, आणि जाळी पडायला तवा कडक तापलेला लागतो. एका ठिकाणी ऐन गर्दीत तो सलग तीनदा पांढरट आणि चिवट आला. कारण तव्यावर पाणी मारून तापायच्या आत पीठ ओतलं जात होतं. गर्दीत रवा डोसा मागवू नये.

पार्सलचं म्हणाल तर इडली, शिरा, उपमा चालतं. डोसा नको, डब्यातल्या वाफेने दहा मिनिटांत तो ओल्या कापडासारखा होतो. वडा न्यायचा असेल तर सांबार वेगळं बांधून घ्यावं आणि घरी वडा आधी कोमट पाण्यात बुडवून हलका दाबून मग सांबारात टाकावा. थेट टाकला तर मध्यभागी कोरडा राहतो.

कॉफी शेवटी, आणि घाई न करता. डबऱ्यातून, म्हणजे पेल्याखालच्या पसरट वाटीतून, पेल्यात आणि पेल्यातून डबऱ्यात दोन-तीनदा ओतली की तोंडाला सोसेल इतकी निवते आणि फेस येतो. साखर तळाशी असते तीही याच ओतण्यात विरघळते. हीच चव घरी हवी असेल तर परिसरात कॉफी दळून देणारी दुकानं आहेत. ८० टक्के कॉफी, २० टक्के चिकोरी आणि फिल्टरसाठीचं दळण सांगावं. तीन मोठे चमचे पूड फिल्टरच्या वरच्या भांड्यात, चकतीने अलगद दाबून, उकळी बसल्यावरचं पाणी वरून. पंधरा-वीस मिनिटांत काढा उतरतो. जोरात दाबलं तर थेंबच पडत नाही, न दाबता ओतलं तर पाच मिनिटांत पाणचट काढा खाली येतो. एक भाग काढा, तीन भाग उकळतं दूध. काढा पुन्हा उकळायचा नाही. पूड एका वेळी १०० ग्रॅमच आणावी, दहा-बारा दिवसांनी तिचा वास उतरतो.