मागच्या चाकांवर दोन हिवाळे: निफाडची थंडी, नाशिकचा पाऊस आणि माझी झेड-४

निफाडला बर्फ पडत नाही. पण डिसेंबरअखेरीस पहाटे साडेपाचला शेडमध्ये गाडीच्या टपावर हात ठेवला, की तो आपोआप मागे येतो. गेल्या थंडीत अशाच एका पहाटे डॅशबोर्डवर ५ अंश दिसत होते. चुलत्यांनी द्राक्षबागेत शेकोट्या पेटवल्या होत्या आणि सगळ्या बागेवर धूर बसला होता. घरासमोरच्या वळणावर मी रोजच्यासारखाच ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडीचं मागचं अंग हातभर बाजूला सरकलं. रस्ता कोरडा होता, खडीसुद्धा नव्हती. मग घसरली कशामुळे, हे शोधता शोधता ही गाडी मला खऱ्या अर्थाने कळली.

गाडी २०१४ ची, बीएमडब्ल्यू झेड-४, एसड्राइव्ह ३५आय. दोनच सीटची, आणि टप घडी होऊन डिकीत जातो. सेकंड हॅन्ड घेतली, त्याला आता १९ महिने झाले. माझ्या हातून २१ हजार किलोमीटर झालेत. एका ओळीतले सहा सिलिंडर, ३ लिटरचं इंजिन, ३०६ अश्वशक्ती आणि १,३०० आरपीएमपासूनच हाताशी येणारा ४०० न्यूटनमीटर टॉर्क. एवढी सगळी ताकद फक्त मागच्या दोन चाकांना जाते. बॉनेट लांबलचक आणि आपली सीट जवळपास मागच्या ॲक्सलवर. त्यामुळे मागचं चाक सुटायला लागलं की डोळ्यांच्या आधी कंबरेला कळतं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत बारा वर्षं काढली, पण ही जाणीव मला तिथे कधी मिळाली नाही.

माझा चुलतभाऊ म्युनिकला असतो. तोही मागच्या चाकांवर चालणारी गाडी वापरतो, आणि ती खऱ्याखुऱ्या बर्फात. त्याला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अरे, मागची चाकं गाडी ढकलतात म्हणून ती घसरली नाही. टायर गार होते म्हणून घसरली." आपल्याकडे मिळतात ते उन्हाळी टायर. साधारण ७ अंशांच्या खाली त्यांचं रबर कडक व्हायला लागतं आणि रस्त्याला धरत नाही. जर्मनीत लोक 'ओ ते ओ' असा हिशेब ठेवतात, म्हणजे ऑक्टोबर ते ऑस्टर, ऑस्टर म्हणजे ईस्टर. तेवढे महिने हिवाळी टायर. त्यांचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि नक्षीवर बारीक बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. टायरवर डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह लागतं. ऑस्ट्रियात तर हिवाळी टायरच्या नक्षीची खोली कायद्यानेच किमान ४ मिलिमीटर हवी. दादा चारही चाकांना हिवाळी टायर घालतो, कारण मागची चाकं ढकलतात हे खरं, पण वळायचं आणि मुख्यतः थांबायचं काम पुढचीच करतात. बर्फावर तो दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उचलतो, म्हणजे चाकांना झटका बसत नाही.

आपल्याकडे ते टायर घालून उपयोग नाही. निफाडला पहाटे ५ अंश असले तरी दुपारी अठ्ठावीस-तीस होतात, आणि त्या उन्हात मऊ रबर भराभर झिजेल. म्हणून मी फक्त माझी सवय बदलली. थंडीत पहिले आठ-दहा किलोमीटर टायर गरम होईपर्यंत गाडी शांत चालवायची आणि स्टिअरिंग सरळ झाल्याशिवाय पाय दाबायचा नाही. दुसऱ्या हिवाळ्यात त्या पहाटेनंतर गाडी एकदाही सरकली नाही.

पावसाळ्याचा धडा मात्र महागात पडला असता. गेल्या जूनमध्ये मागच्या टायरची नक्षी कमी झाल्यासारखी वाटली, म्हणून नाशिकमधल्या एका दुकानात दाखवली. तिथला माणूस म्हणाला, "साहेब, कायद्याने १.६ मिलिमीटर लागते, तुमची अडीच आहे. पावसाळा आरामात निघेल." मी ऐकलं. ऑगस्टमध्ये पिंपळगाव बसवंतला टोमॅटोचा बाजार भरात होता. ट्रॉल्यांमधून सांडलेले टोमॅटो चाकांखाली चिरडून रस्त्यावर त्यांचा लगदा झालेला, त्यात शेतातून आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांची काळी माती, आणि वरून भुरभूर पाऊस. मी डावीकडे वळत होतो. घसरणीवरचा ताबा थोडा सैल ठेवणारं डीटीसीचं बटण मीच दाबून ठेवलं होतं. मागचं अंग उजवीकडे निघालं. हात आपोआप उजवीकडे गेले, पाय पेडलवरून उचलला, डॅशबोर्डवर घसरणीचा पिवळा त्रिकोण लुकलुकला आणि गाडीने ताकद कापली. कॅरेट लावलेल्या टेम्पोपासून चार फुटांवर थांबलो. टेम्पोवाले काका खाली उतरले आणि म्हणाले, "भाऊ, इथं ट्रॅक्टरबी सरकतोय, तुम्ही कशाला घाई करताय?"

त्याच आठवड्यात मागची जोडी बदलली. टायर नवा असताना खोली साधारण ८ मिलिमीटर असते. रस्त्यावरचं पाणी बाहेर फेकायचं काम याच खोलीचं. अडीच मिलिमीटरवर ते धड होत नाही, आणि माझं मागचं टायर २५५ रुंदीचं असल्याने त्याच्याखाली पाणी लवकर साचतं. अरुंद चाक पाणी कापत जातं, रुंद चाक त्यावर चढतं. दादाने मला १ युरोचं एक नाणं पाठवलंय. त्याची सोनेरी कड ३ मिलिमीटरची असते. नाणं खाचेत उभं घातलं आणि कड दिसली, की टायर बदलायचे दिवस आले. डीटीसीचं बटण पावसात आता मी दाबतच नाही.

कसाऱ्याचा घाट या गाडीने मी पावसात सहा-सात वेळा उतरलो. धुक्यात पुढच्या ट्रकचे लाल दिवेच काय ते दिसतात. तिथे गिअर हाताने घेऊन दुसऱ्या-तिसऱ्यात उतरलेलं बरं, पण गिअर खाली घेताना झटका द्यायचा नाही, नाहीतर इंजिनच्या ओढीनेही मागची चाकं सुटतात. समृद्धीचा इगतपुरी ते आमने हा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून सोबत कुणी असलं की बोगद्यानेच जातो. एकटा असलो तर अजूनही घाट.

बाकी रोजच्या वापराचं थोडक्यात. महामार्गावर लिटरला ११-१२ मिळतात, शहरात ७-८. टप बंद असताना डिकी ३१० लिटरची, उघडला की १८० ची. द्राक्षांच्या दोन पेट्या बसतात, तिसरी सीटवर. गावातल्या स्पीडब्रेकरवर तिरकीच न्यावी लागते. टप २० सेकंदांत उघडतो. जानेवारीत सकाळी दहाला ऊन अंगावर घेत गंगापूर धरणाच्या रस्त्याने जाण्याइतकं सुख मला दुसऱ्या कुठल्याच गाडीत मिळालेलं नाही.

आज सकाळी मागच्या टायरला नाणं लावून पाहिलं, सोनेरी कड पूर्ण आत गेली. ऑक्टोबरची छाटणी उरकली की पुन्हा लावेन. कड दिसली तर दिवाळीआधी जोडी बदलायची, थंडी पडायची वाट बघायची नाही.