क्लिपवाला एअरटाइट डबा (दीडशे रुपये): दोन उन्हाळे, दोन पावसाळे उघड्यावर ठेवून बघितला

आधीच सांगतो, हा डबा मी चिवडा भरायला घेतलेला नाही. बाकी सगळ्यांनी फ्रिजमध्ये ठेवून पाच पाच स्टार दिलेत, वास येत नाही, शेव कुरकुरीत राहते वगैरे, राहत असेल बुवा. मी असले तीन डबे धुळ्याजवळ शेताच्या बांधावर आणि झाडाच्या बुंध्यात ठेवले आणि दोन वर्षं तिथेच राहू दिले, त्यामुळे माझं म्हणणं जरा वेगळं येणार.

कारण जिओकॅशिंग. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, एक जण डबा लपवतो, आत वही ठेवतो, जागेचे अक्षांश-रेखांश टाकतो, बाकीचे मोबाइल घेऊन शोधत येतात, वहीत सही करतात, डबा होता तसा परत ठेवतात आणि ऑनलाइन 'सापडला' लिहितात. बस एवढंच. 2000 च्या मे महिन्यात अमेरिकेने जीपीएसमध्ये जागा अचूक कळू नये म्हणून मुद्दाम घातलेली चूक बंद केली आणि लगेच 3 मे ला डेव्ह उल्मर नावाच्या माणसाने ओरेगॉनमध्ये जंगलात एक बादली ठेवून हे सुरू केलं. त्या बादलीत घेवड्याच्या दाण्यांचा सीलबंद डबा पण होता म्हणे, आता नियमाप्रमाणे खायची वस्तू ठेवता येत नाही, का ते मी स्वतःच्या अंगावर शिकलो.

म्हणजे झालं असं की पहिला डबा मी विकत घेतलाच नव्हता. घरातलाच उचलला, आईने त्यात काळा मसाला ठेवलेला असायचा, तीन वेळा धुतला, उन्हात वाळवला, मला तर काहीच वास येत नव्हता. मुंग्यांना येत होता. आणि मुंग्या परवडल्या, उंदराने तर झाकणाचा कोपरा असा कुरतडला की कुणी करवतीने कापलाय वाटावं, वहीची अर्धी पानं घरट्याला गेली. आईला अजून सांगितलेलं नाही की तो डबा कुठे आहे, ती शेजारच्या काकूंवर संशय घेऊन बसलीय. तर पहिला नियम, मसाल्याचा, पापडाचा, साबणाचा कुठलाच वापरलेला डबा नको, कोरा घ्या.

मग आग्रा रोडवरच्या एका भांडेवाल्याकडून तीन कोरे घेतले. चार बाजूला चार क्लिपा, झाकणाच्या खाचेत रबरासारखी सिलिकॉनची रिंग, अंग अर्धपारदर्शक. दुकानदार म्हणाला पाण्यात बुडवा, थेंब जाणार नाही. घरी बादलीत दगड घालून बुडवून ठेवला रात्रभर, खरंच गेला नाही. तेव्हा पाच स्टार दिले असते.

एक डबा मामांच्या शेतावर ठेवला, पांझरा नदीच्या काठी, जिथे अजून फडाचा पाट दिसतो. फड म्हणजे काय ते बाहेरच्यांना कळत नाही म्हणून डब्याच्या माहितीत मी लिहिलंय की नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाचं पाणी पाटकरी वाटणार आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, काहीशे वर्षं चालत आलेली पद्धत. लोक डब्यासाठी येतात आणि पाट बघून जातात, मला त्यातच मजा. बंधाऱ्याच्या दगडात मात्र काही खुपसलेलं नाही, डबा बांधावरच्या निंबाखाली आहे. मोह लळिंगचा पण झाला होता, किल्ला तर दारातच, पण जुन्या बांधकामाच्या दगडांत डबा घालायचा नसतो आणि जंगल खात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय तर नाहीच. दोन डब्यांत किमान 161 मीटर अंतर लागतं ते वेगळं.

आता उन्हाळा. निंबाखालचा डबा अजून ठणठणीत, चारही क्लिपा चालू. दुसरा बांधाच्या पश्चिमेच्या अंगाला दगडात होता, दुपारनंतर सगळं ऊन त्याच्यावर. पहिल्या मे मध्ये झाकण पांढुरकं पडलं. दुसऱ्या मे मध्ये मी क्लिप उघडायला गेलो आणि टक, हातात आली. या डब्याचा कमकुवत भाग क्लिप नाही, क्लिपची बिजागरी, ती वेगळी नसते, त्याच प्लास्टिकची पातळ पट्टी असते आणि उन्हाने ती ठिसूळ होते. तीन क्लिपांवर डबा बंद होतो पण चौथ्या कोपऱ्यात रिंग दाबली जात नाही, म्हणजे दिसायला बंद, असायला उघडा.

पावसाळ्यात काय झालं ते वाईट. जुलैत कुणीतरी शोधून परत ठेवताना रिंगवर गवताचं एक कुसळ राहिलं, एवढंसं, त्या कुसळाच्या बाजूने पाणी शिरलं. एअरटाइट डब्याची गंमत अशी की एकदा पाणी आत गेलं की बाहेर पण येत नाही. साध्या डब्यातलं निदान वाळून जातं, याच्यात ऑगस्टभर वही शिजत राहिली, पोळा झाल्यावर मी उघडला तर कागदाचा लगदा आणि असा वास की विचारू नका. जेल पेनने केलेल्या सह्यांचं तर निळं पाणी झालं होतं, पेन्सिलच्या सह्या तेवढ्या वाचता आल्या. म्हणून आत पेन्सिल ठेवा, पेन नको, उन्हात पेन तसंही गळतं नाहीतर सुकतं. वही झिपच्या पिशवीत, आणि बुटाच्या खोक्यात येतात त्या सिलिकाच्या पुड्या एक-दोन टाका.

बाकी पर्याय पण वापरून बघितले. स्टीलचा डबा नाही, स्टीलचा डबा आपल्याकडे रानात टिकतच नाही, कुणाच्या तरी घरी शंकरपाळे भरायला जातो. ठिबकचा उरलेला पाइप दोन्हीकडून टोपण लावून मस्त होईल वाटलं, पाणी अजिबात जात नाही, पण मामांनी बघितलं आणि म्हणाले, "भाच्या, हे बॉम्बसारखं दिसतं, माझ्या शेतात नको." बरोबर होतं त्यांचं, परदेशात असल्या डब्यांपायी खरंच पोलीस आणि बॉम्बशोधक पथकं आलेली आहेत. क्लिपच्या डब्याचा इथे प्लस पॉइंट आहे, अर्धपारदर्शक असल्यामुळे आत वही-पेन्सिल आहे ते दिसतं, वर मी मराठीत मोठ्या अक्षरात लिहून चिकटवलंय की हा खेळाचा डबा आहे, वाचा आणि जागेवर ठेवा. तरी शेजारच्या शेतातले आप्पा एकाला विचारतच होते, "काय शोधी राहयना रे भो? सोनं पुरेल शे का आठे?" (म्हणजे इथे सोनं पुरलंय का?) छोट्या जागेसाठी पाण्याच्या बाटलीचा प्रीफॉर्म मिळाला तर बघा, बाटली फुगवायच्या आधीची ती जाड नळी, आट्यांचं टोपण, माझ्या अनुभवात पाण्याला तीच सगळ्यात पक्की. पण सही करायला कागदाची सुरळी सोडवत बसावं लागतं.

डब्याचा दोष किती आणि माणसांचा किती हे पण सांगितलं पाहिजे, नाहीतर डब्यावर अन्याय होईल. मामांच्या शेतावरच्या डब्याचा हिशोब देतो. दोन वर्षांत ऑनलाइन 14 जणांनी 'सापडला' लिहिलं, वहीत सह्या 11. उरलेल्या तिघांपैकी एकाने ओल्या वहीचा फोटो टाकला होता, सही करणं शक्यच नव्हतं, त्याचं ठेवलं. दुसरा तर त्याच दिवशी दुपारी केरळात पण डबा सापडल्याचं लिहून बसला होता, त्याचं उडवलं, डब्याच्या मालकाला तो अधिकार असतो. तिसऱ्याची गंमत वेगळीच, त्याला डबा सापडला नाही म्हणून त्याने खिशातली गोळ्यांची बाटली तिथे टाकली, त्यात चिठ्ठी घातली आणि 'सापडला' करून मोकळा. याला थ्रोडाउन म्हणतात आणि त्याला वाटलं की त्याने माझ्यावर उपकार केले! पुढचे दोघे त्या बाटलीतच सही करून गेले, खरा डबा दोन हातांवर निंबाच्या मुळात बसलेला. बाटली मी उचलून आणली आणि त्या दोघांच्या सह्या वहीत डकवल्या, त्यांची काय चूक.

लोकांना 'सापडला नाही' लिहायला इतका कमीपणा का वाटतो कळत नाही. सापडलेल्या डब्यांचा आकडा कमी होत नाही त्याने. आणि मालकाला तेच सगळ्यात कामाचं असतं, लागोपाठ तिघांनी तसं लिहिलं की मी गाडी काढतो. ती वही महिनाभर शिजली तेव्हा त्या फोटोवाल्याच्या आधी दोघे येऊन गेले होते, दोघांनी 'मस्त जागा, धन्यवाद' लिहिलं, वही ओली आहे हे एकानेही नाही. सरळ मालकाने लक्ष द्यावं म्हणून कळवायची सोय आहे, मग डब्याच्या माहितीत पान्याचं चिन्ह लागतं, मालक जाऊन दुरुस्ती करून तसं लिहीपर्यंत ते राहतं, आणि मालकाने लक्षच दिलं नाही तर तपासणारे स्वयंसेवक डबा बंद करून टाकतात. यात अपमान काही नाही. म्हणूनच तर फिरायला तोरणमाळला गेलो आणि डबा ठेवून आलो असं करायचं नसतं, परत जाऊन बघणार कोण?

आकड्यावरून आठवलं. शोधायला किती अवघड आणि वाट किती अवघड असे दोन गुण प्रत्येक डब्याला असतात, 1 ते 5, अर्ध्या अर्ध्याने, म्हणजे 9 गुणिले 9, 81 चौकोन, काही लोक ते सगळे भरायच्या मागे असतात. एकाने मला मेसेज केला की वाटेचे गुण दीडचे साडेचार करा ना, माझा तेवढाच चौकोन राहिलाय. बांधावरचा डबा आहे रे बाबा, बैलगाडी जाते तिथपर्यंत. त्याला म्हणलं मे महिन्यात दुपारी दोनला ये, तू म्हणशील ते गुण देतो. आला नाही.

तर डबा घ्यायचा का? सावलीत ठेवणार असाल तर डोळे झाकून घ्या, दीडशेत याच्यापेक्षा बरं काही नाही. उघड्या उन्हात ठेवणार असाल तर एका उन्हाळ्याचा धरा आणि दुसरा मे यायच्या आत बदला. दर भेटीत बोटाने रिंग पुसा, माती-कुसळ काढा, झाकण लावल्यावर चारही क्लिपांचा आवाज ऐका. पाचपैकी साडेतीन, अर्धा स्टार बिजागरीचा कापला आणि एक पूर्ण स्टार याचा की रिंग सुटी मिळत नाही, दुकानदार म्हणतो नवीन डबाच घ्या. तुटक्या डब्याची चांगली रिंग मी सध्या दुसऱ्याला लावलीय. जळगावकडे कुठे नुसती रिंग मिळत असेल तर खाली लिहा, साइज सहा इंच बाय चार.