गावातला डॉक्टर, नर्सबाई की तालुक्याची बाई डॉक्टर: गरोदरपणात दाखवायचं कोणाकडं?

दिवस गेल्याचं कळलं की घरात वाद सुरू होतो. सासू म्हणते, आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडं दाखव, त्याच्या हाताला गुण आहे. जाऊ म्हणते, तालुक्याच्या बाई डॉक्टरकडं जा, तिथंच सोनोग्राफी होते. तेवढ्यात आशाताई दारात येऊन सांगते, आधी उपकेंद्रात नाव टाका. कोणाचंच चुकत नाही, पण प्रत्येकीच्या मनात वेगळी गोष्ट असते. कोणी ताप-उलटीचा विचार करत असते, कोणी महिन्याच्या तपासणीचा. बाळंतपणाच्या रात्रीचा विचार मात्र सगळ्यांत शेवटी होतो.

माझं मत उलटं आहे. बाळंतपण कुठं करायचं ते आधी ठरवा, मग तपासणी कोणाकडं करायची ते आपोआप ठरतं.

गावातला नेहमीचा डॉक्टर

विदर्भात आठवडी बाजाराच्या गावी असा एक डॉक्टर बहुधा असतोच. बीएएमएस किंवा बीएचएमएस, क्वचित एमबीबीएस. त्याचं मोल ओळखीत आहे. सासऱ्याची शुगर, आईचा बीपी, मागच्या वेळी तिसऱ्या महिन्यात गर्भ पडला होता, हे त्याला नव्यानं सांगावं लागत नाही. रात्री दार वाजवलं तर उघडतो. ‘कापूस विकला का द्या पैसे’ म्हणतो. उलट्या थांबत नाहीत, लघवीला जळजळ होते, अंग तापलं, एवढ्यासाठी एसटीची वाट पाहत तालुक्याला कोण जाणार? या कामाला तोच बरा.

पण तो बाळंतपण करत नाही आणि सिझर तर नाहीच. मग त्याच्यावर तपासणी तरी सोडावी का? हे ठरवायला मी एकच गोष्ट पाहते: दर भेटीत तो दंडाला पट्टा बांधून बीपी मोजतो का, आणि आकडा कागदावर लिहून देतो का. गरोदरपणात बीपी १४०/९० किंवा त्याहून वर गेलं, की ते पुढं दाखवायचं काम असतं. डोकं दुखतं म्हणून गोळी देऊन घरी पाठवणारा डॉक्टर इथं महागात पडतो. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढं अंधारी येणं, तोंड-हात सुजणं हे बीपी वाढल्याचंही लक्षण असू शकतं.

दुसरी खूण सलाईनची. ‘अशक्तपणा आला, एक ताकदीची लावून देतो’ असं म्हणणारा डॉक्टर गरोदर बाईसाठी नको. त्या बाटलीत मीठ-साखरेचं पाणी असतं, त्यानं हिमोग्लोबिन वाढत नाही. अंगदुखीच्या गोळ्यांचंही तसंच. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी औषधं गरोदरपणात, विशेषतः २० आठवड्यांनंतर, आपल्या मनानं घ्यायची नाहीत. ओळखीचा डॉक्टर असला तरी दिवस गेलेत हे त्याला पहिल्या वाक्यात सांगा. लाजून बऱ्याच जणी तिसरा महिना सरेपर्यंत बोलत नाहीत आणि साध्या तापाच्या औषधातच घोळ होतो.

उपकेंद्र आणि पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र)

खासगीत दाखवायचं ठरलं असलं तरी नाव इथं टाकाच, तेही १२ आठवड्यांच्या आत. ‘सरकारी दवाखान्यात काय मिळते?’ असं विचारणाऱ्यांना बहुतेक वेळा काय काय मिळतं हे माहीतच नसतं. वजन, बीपी, हिमोग्लोबिन, लघवी, रक्तगट, एचआयव्ही, गुप्तरोगाची चाचणी, धनुर्वाताची इंजेक्शनं, लोहाच्या लाल गोळ्या आणि कॅल्शियम, सगळं फुकट. निदान चार तपासण्या व्हाव्यात असा नियम आहे. रोज एक याप्रमाणे किमान १८० लाल गोळ्या गरोदरपणात आणि तेवढ्याच बाळंतपणानंतर घ्यायच्या असतात. गोळीनं शौचाला काळी होते, पोट जड वाटतं, म्हणून कित्येक जणी त्या फडताळात ठेवून देतात. नर्सबाईला सांगून वेळ बदलून घ्या, जेवणानंतर घ्या, पण सोडू नका. चहासोबत मात्र घेऊ नका, चहानं लोह अंगी लागत नाही.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची खास तपासणी असते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ पासून सुरू आहे, आणि चौथ्या महिन्यापासून पुढं एकदा तरी डॉक्टरनं तपासावं हा त्याचा उद्देश आहे. गर्दी असते, बसावं लागतं, सोबत डबा न्यावा.

नर्सबाईची एक गोष्ट मला कोणत्याही डॉक्टरपेक्षा मोठी वाटते. तुम्ही तारीख चुकवलीत की ती घरी येते, नाहीतर आशाताईला पाठवते. खासगी दवाखान्यात तुम्ही गेला नाहीत तर कोणी विचारत नाही.

कमतरता उघड आहे. पीएचसीत साधं बाळंतपण होतं, सिझर होत नाही. डॉक्टरची जागा कधी भरलेली, कधी रिकामी. म्हणून आपल्या पीएचसीत गेल्या महिन्याभरात बाळंतपणं झाली का, हे आशाताईला सरळ विचारा. होत असतील तर दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या धडधाकट बाईला ती जागा चांगली. नुसत्या तपासण्या होत असतील तर तपासण्यांपुरतीच धरा.

तालुक्याचा खासगी स्त्रीरोगतज्ज्ञ

इथं पाटी नीट वाचा. एमडी, एमएस, डीएनबी किंवा डीजीओ आणि पुढं स्त्रीरोग व प्रसूती असं असेल तर तो तज्ज्ञ. नुसतं ‘प्रसूतिगृह’ लिहिलं म्हणून तज्ज्ञ असतोच असं नाही.

फायदे खरे आहेत. दर वेळी तोच माणूस तपासतो, सोनोग्राफी तिथंच किंवा शेजारी, ११ ते १४ आठवड्यांची आणि मग १८ ते २० आठवड्यांची व्यंग पाहणारी सोनोग्राफी वेळेवर होते. बऱ्याच ठिकाणी बाई डॉक्टर असते आणि नव्या सुनेला तिच्यापुढं बोलायला सोपं जातं. (मुलगा की मुलगी हे विचारायचं नाही आणि सांगायचंही नाही, १९९४ च्या कायद्यानं तो गुन्हा आहे. आडून सांगणारा भेटला तर तो दवाखाना लगेच सोडा.)

खर्चाबद्दल लोक सिझरचा आकडा विचारतात, पण तपासण्या, सोनोग्राफ्या, औषधं, प्रत्येक वेळची गाडी आणि बुडालेली मजुरी धरली तर बाळंतपणाआधीच बरंच गेलेलं असतं. सिझरचा धाकही असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशभर खासगी दवाखान्यांतल्या बाळंतपणांपैकी ४७ टक्क्यांहून जास्त सिझर होती, सरकारीत १४ टक्क्यांच्या आसपास. यावरून खासगीतलं प्रत्येक सिझर पैशासाठी असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण ‘तुमच्याकडं साधी बाळंतपणं किती होतात?’ हे विचारायला लाजू नये. चांगला डॉक्टर चिडत नाही.

याहून महत्त्वाचे प्रश्न वेगळे आहेत आणि ते सहाव्या महिन्यातच विचारावेत. रात्री दोन वाजता सिझर करावं लागलं तर भूल देणारा डॉक्टर गावात राहतो का बाहेरून येतो, आणि यायला किती वेळ लागतो? रक्त लागलं तर कुठून आणायचं? बाळ रडलं नाही, काचेच्या पेटीत ठेवायची वेळ आली, तर कोणत्या गावाला न्यायचं? तालुक्याच्या ठिकाणी भूलतज्ज्ञ बऱ्याचदा दोन-तीन दवाखान्यांत मिळून एकच असतो, आणि रक्त जिल्ह्याच्या रक्तपेढीतून येतं. म्हणजे पाटी तज्ज्ञाची असली तरी रात्रीच्या घडीला तो दवाखाना पीएचसीपेक्षा फार पुढं नसतो. ‘ते आमच्यावर सोडा’ असं उत्तर मिळालं तर मी दुसरा दवाखाना पाहीन.

जिल्ह्याचं मोठं रुग्णालय

अमरावतीचं डफरीन, नागपूरचं डागा, अकोल्याचं लेडी हार्डिंग, गोंदियाचं बाई गंगाबाई, किंवा सेवाग्रामचं कस्तुरबा. ही नावं आपल्याकडं ‘अडलेल्या बाईला न्यायची जागा’ म्हणून माहीत आहेत. खरं तर जिला अडचण येणार हे आधीच दिसतंय, तिनं पहिल्यापासून अशाच ठिकाणी नाव टाकावं. भूलतज्ज्ञ, रक्त आणि नवजात बाळाचा कक्ष जवळजवळ हवा असेल तर तो इथंच.

गर्दी, लांबच लांब रांग, दर वेळी नवा डॉक्टर, कधी रागावून बोलणं, हे मोठ्या दवाखान्यात सोसावं लागतं. म्हणून धडधाकट बाईनं महिन्याची प्रत्येक तपासणी इथंच करावी असं मी म्हणणार नाही. एक-दोनदा येऊन नोंद करून ठेवली तरी रात्री आल्यावर कागद पहिल्यापासून करावे लागत नाहीत.

सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली (२०११ पासून) साधं बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, घरून आणणं आणि परत सोडणं हे सगळं मोफत आहे. दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातीच्या ग्रामीण बाईला जननी सुरक्षा योजनेचे ७०० रुपये मिळतात. पहिल्या बाळाचे मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये वेगळे, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. मातृवंदनेच्या पैशासाठी माता-बाल कार्ड लागतं, म्हणून उपकेंद्रात नाव टाकणं चुकवू नका.

सिकलसेल असेल तर हिशेब बदलतो

आपल्याकडं हा प्रश्न डॉक्टर निवडण्याआधी येतो. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, जास्त आहे. तो फक्त आदिवासींत असतो असं समजून बाकीचे चाचणी टाळतात, ते बरोबर नाही. सरकारी दवाखान्यात आधी साधी चाचणी होते, त्यात काही निघालं की पुढची तपासणी करून बाई वाहक आहे की आजारी ते कळतं. वाहक म्हणजे ‘एएस’, आणि बहुतेक वाहक बायांचं गरोदरपण नेहमीसारखंच जातं. पण ती वाहक निघाली की नवऱ्याची चाचणी लगेच करायची. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. पोटातल्या बाळाची तपासणी लवकरच्या आठवड्यांत होते, म्हणून पाचव्या महिन्यात हे कळून उपयोग कमी. जो डॉक्टर पहिल्या भेटीत सिकलसेलचं विचारत नाही, तो विदर्भात दवाखाना चालवतो आहे हे विसरला आहे.

बाई स्वतःच ‘एसएस’, म्हणजे आजारी असेल, तर गावातला, तालुक्यातला असा विचारच करू नका. मोठं रुग्णालय, सुरुवातीपासून. लोहाच्या गोळ्या द्यायच्या की नाही हेही तिथलेच ठरवतील.

मोठ्या रुग्णालयाच्या रांगेत उभं राहावंच लागेल अशा आणखीही जणी आहेत: आधीचं सिझर झालेली, जुळं असलेली, हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेलेली, बीपी किंवा शुगर वाढलेली, आधी बाळ दगावलेली. रक्तगट निगेटिव्ह असेल तर २८ व्या आठवड्याचं आणि बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाल्यास बाळंतपणानंतर ७२ तासांतलं ‘अँटी-डी’ इंजेक्शन कुठं मिळेल, हे आधी विचारून ठेवा.

माहेरी जायचं असेल तर

पहिलं बाळंतपण माहेरी हा रिवाज आहे आणि डॉक्टर निवडताना लोक नेमका तोच विसरतात. सात महिने यवतमाळकडं तपासणी आणि सातव्यात ओटी भरून भंडाऱ्याकडं रवानगी. मग तिथला डॉक्टर नव्यानं सगळ्या तपासण्या लिहून देतो, आणि त्याचीही चूक नसते, कारण कागदच आलेले नसतात. माहेरी जायचं पक्कं असेल तर चौथ्या-पाचव्या महिन्यात एकदा तिथल्या बाळंतपणाच्या जागी जाऊन दाखवून या. बाकी तपासण्या सासरच्या उपकेंद्रात करा. कार्ड, सोनोग्राफीचे रिपोर्ट आणि रक्तगटाचा कागद एका पिशवीत ठेवा आणि सगळ्यांचे फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा.

तर मला विचाराल, तर धडधाकट, पहिलटकरीण, रस्त्यालगतच्या गावातली असेल तिनं तपासण्या उपकेंद्रात कराव्यात, सोनोग्राफी तालुक्याला, ताप-उलटीला गावातला डॉक्टर, आणि बाळंतपण जिथं भूलतज्ज्ञ रात्री हजर असतो तिथं. हाताशी पैसे असतील आणि तालुक्याच्या दवाखान्याकडून वरच्या प्रश्नांची पक्की उत्तरं मिळाली असतील तर तोही चालेल.

पावसाळ्यात तारीख येणाऱ्यांचं मात्र वेगळं. पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटतं, मेळघाटातले रस्तेही बंद पडतात. तिथं डॉक्टर कितीही चांगला निवडा, नदी ओलांडता आली पाहिजे. अशा भागात काही आरोग्य केंद्रांजवळ माहेरघर असतं, तारखेच्या काही दिवस आधी जाऊन तिथं राहता येतं. बाकीच्यांनी १०२ आणि १०८ हे दोन्ही नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये टाकावेत, आणि गाडी यायला उशीर झाला तर गावातली कोणाची जीप निघेल, हे आठव्या महिन्यातच त्याच्याशी बोलून घ्यावं.