पार्ट मागवताना चेसिस नंबर द्यावा की इंजिनावरचा?

जुनी, दोन-तीन हातांतून फिरलेली गाडी घेतली की पहिल्या मोठ्या कामाच्या वेळी हा प्रश्न येतोच. एक तर चेसिस नंबर टाकून कॅटलॉगला विचारायचं, नाही तर बॉनेट उघडून ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव सांगाड्यावर, पंच केलेला इंजिन नंबर शोधायचा आणि त्यावरून पार्ट ठरवायचा. मी दोन्ही करून पाहिलं आहे.

चेसिस नंबरची सोय नाकारण्यात अर्थ नाही. हात काळे होत नाहीत. सतरा अक्षरं टाकली की गाडीचा सगळा जन्मदाखला समोर. १९८१ च्या आधीच्या गाड्यांना हा सतरा अक्षरांचा साचा सहसा नसतो आणि दहाव्या अक्षरावरून वर्ष ओळखायची पद्धत काही युरोपीय कंपन्या पाळत नाहीत, एवढं लक्षात ठेवलं की झालं. नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. तशी दिसली तर तो एक किंवा शून्य समजावा.

ब्रेक, सस्पेन्शन, वायरिंग, काचा, दरवाजे यांसाठी मी आजही चेसिस नंबरच वापरतो. चौथ्या पिढीच्या फोक्सवॅगन गोल्फचं उदाहरण घ्या. पुढच्या ब्रेक डिस्क २५६, २८० किंवा २८८ मिलिमीटरच्या असू शकतात, आणि आपल्या गाडीला कारखान्यातून कुठली बसवली होती ते स्टेपनीच्या खड्ड्यातल्या स्टिकरवरच्या कोडवरून कळतं. तिथे इंजिनाशी झटापट करून काही उपयोग नाही.

इंजिनाचा पार्ट आला की मात्र माझं मत बदलतं, आणि त्याला कारण एक वॉटर पंप.

चेसिस नंबरवरून मागवला होता. पार्ट नंबर बरोबर, चित्र हुबेहूब, शंकेला जागाच नाही. कूलंट काढलं, एका बाजूचं माउंटिंग सोडलं, बेल्ट उतरवला. नव्या पंपाची बोल्टची सगळी भोकं तंतोतंत जुळली. पुली मात्र बेल्टच्या रेषेत येईना, जेमतेम तीन मिलिमीटर बाहेर. मी तासभर माझीच चूक शोधत बसलो. वॉशर राहिला का, गॅस्केट दुहेरी लागलं का. जुना पंप शेजारी ठेवून बघायची बुद्धी सुचली ती संध्याकाळी. मग ब्लॉक पुसला. इंजिन नंबरातली, इंजिनाचा प्रकार सांगणाऱ्या कोडची अक्षरं कागदांवरच्या कोडपेक्षा वेगळी होती! मधल्या कुठल्यातरी मालकाने त्याच घराण्यातलं दुसरं इंजिन बसवलं होतं. गाडी चार दिवस स्टँडवर, आणि उघडलेला पंप परत घेणार नाही हे विक्रेत्याचं उत्तर.

मला खटकलं ते पार्ट चुकल्याचं नव्हे, पार्ट कुणाचाही चुकतो. चेसिस नंबरवरून आलेलं उत्तर बरोबर असो की चूक, दिसतं सारखंच, हे खटकलं. तोच ठाम पार्ट नंबर, तेच स्वच्छ चित्र. ब्लॉकवरचा नंबर गंजला असेल, घासला असेल, तर तो वाचता येत नाही हे निदान कळतं तरी.

शिवाय इंजिनाचा कोड नीट वाचला तर बरंच बोलतो. टोयोटाचं ४ए घ्या. ४ए-एफई आणि ४ए-जीई, दोन्ही १५८७ सीसी, दोन्हींना डबल कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे दोन दांडे), पण हेड, म्हणजे ब्लॉकवर बसणारा वरचा भाग, वेगळं. ‘एफ’मध्ये टायमिंग बेल्ट एकच कॅम फिरवतो आणि दुसरा त्यावरून गिअरने फिरतो; ‘जी’मध्ये बेल्ट दोन्ही कॅम फिरवतो. नुसतं ‘सोळाशेचं ट्विन कॅम’ म्हणून बेल्ट मागवणाऱ्याचं काय होणार ते सांगायला नको. उलटी गंमत फियाटच्या १२४८ सीसी डिझेलची. तेच मूळ इंजिन फियाट, ओपेल, सुझुकी आणि टाटा यांच्या गाड्यांत वेगवेगळ्या नावांनी बसलं. आतले बरेच पार्ट भाऊबंद, पण टर्बो आणि इंजेक्शनची मांडणी आवृत्तीनुसार बदलते, त्यामुळे तिथे नावावरून अंदाज बांधू नये.

नंबर वाचायची माझी रीत साधी आहे. रॉकेल किंवा ब्रेक क्लीनरने जागा पुसायची, पितळी ब्रश हलकेच फिरवायचा, मग कागद धरून पेन्सिल आडवी घासायची. ग्राइंडर लावू नका. नंबर खोडल्यासारखा दिसतो आणि पुढे खुलासे देत बसावं लागतं. उठावदार ओतीव आकडे दिसले तर तो इंजिन नंबर नव्हे, कास्टिंगचा नंबर. एकाच ओतीव ब्लॉकला वेगवेगळा बोअर (सिलिंडरचा व्यास) मारून वेगवेगळ्या सीसीची इंजिनं होऊ शकतात.

इंजिन नंबरच्याही मर्यादा आहेत, हे मान्य. इंजिन बदलताना अल्टरनेटर, ब्रॅकेट, मॅनिफोल्ड बहुधा जुन्याच इंजिनाचे उचलून लावतात. रिबोअर झालं असेल, म्हणजे झिजलेले सिलिंडर कोरून मोठे केले असतील, तर पिस्टन ०.२५ की ०.५० मिलिमीटर ओव्हरसाइज, हे कुठलाच नंबर सांगत नाही. हेड उघडून पिस्टनच्या माथ्यावरच बघावं लागतं. फोक्सवॅगनच्या १.९ टीडीआय डिझेल इंजिनाला हेड गॅस्केट तीन जाडींत येतं, एक, दोन किंवा तीन भोकांच्या खुणेचं, आणि पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो हे मोजून ते निवडतात. जुन्यावर किती भोकं आहेत ते बघणं हा निदान पहिला आधार. ऑइल फिल्टरचंही तसंच. वीस मिलिमीटर आट्यांचा फिल्टर पाऊण इंची स्टडवर चढतो, बसल्यासारखा वाटतो, आणि नंतर ढिला पडून तेल सोडू शकतो. म्हणून जुना पार्ट नमुन्याला हातात हवाच.

ज्यांची गाडी पहिल्यापासून घरातच आहे, त्यांनी चेसिस नंबरवर खुशाल विसंबावं. गाडी अजून घ्यायची असेल तर दोन्ही नंबर कागदांशी ताडून बघा, आणि इंजिनाचा जुळला नाही तर आधी त्याचा लेखी खुलासा घ्या. बाकीच्यांना मी आग्रह करणार नाही, पण मी स्वतः आता ब्लॉक पुसल्याशिवाय इंजिनाचा एक ओ-रिंगसुद्धा मागवत नाही.

तो पंप अजून माळ्यावर आहे, खोक्यासकट. चेसिस नंबरप्रमाणे तो बरोबरच आहे.